विश्लेषण: नाझींच्या उदयकाळात बर्लिनमध्ये शिकणाऱ्या इरावती कर्वेंनी आपल्याच मार्गदर्शकाचा सिद्धान्त कसा खोडला?

'युगान्त' वाचलेल्या प्रत्येकाला इरावती कर्वे हे नाव माहीत असतं. महाभारतातल्या माणसांकडे माणूस म्हणून पाहायला शिकवणाऱ्या लेखिका, भारतातल्या पहिल्या महिला मानववंशशास्त्रज्ञांपैकी एक, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या प्राध्यापक आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सूनबाई, अशी त्यांची ओळख सांगितली जाते. या ओळखीत एक प्रकरण मात्र बरेचदा एका ओळीत आटोपतं, ते म्हणजे बर्लिनमधून घेतलेली डॉक्टरेट.

ही डॉक्टरेट त्यांनी कुठे, कुणाच्या हाताखाली आणि कोणत्या काळात घेतली, हे पाहिलं की ही एक ओळ फार मोठी वाटू लागते. साल होतं १९२८. जर्मनीत लोकशाही होती, पण ती डळमळू लागली होती. ज्या संस्थेत त्या दाखल झाल्या, तिच्या संशोधनाचा आधार पुढे नाझी राजवटीने वंशशुद्धीच्या कायद्यांसाठी घेतला. त्यांच्या मार्गदर्शकाला गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व कवटीच्या आकारातून दिसेल अशी अपेक्षा होती. विशीतल्या या मराठी विद्यार्थिनीने कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही, असं लिहून दिलं.

नेमकं काय घडलं होतं? समजून घेऊया.

इरावती हे नाव कुठून आलं?

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, म्यिंग्यान इथे झाला. वडील करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. इरावती ही त्या देशाची मोठी नदी, तिच्यावरूनच मुलीचं नाव ठेवलं गेलं.

वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवण्यात आलं. तिथे त्यांची मैत्री शकुंतला परांजपे यांच्याशी झाली. शकुंतलाबाई म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे यांची कन्या. पुढे कुटुंबनियोजनाच्या कार्यकर्त्या आणि राज्यसभा सदस्य म्हणून त्या ओळखल्या गेल्या. या मैत्रीतून इरावती परांजप्यांच्या घरी राहायला आल्या आणि तिथे मुलीसारख्याच वाढल्या. फर्ग्युसन कॉलेजच्या प्राचार्यांचं ते घर होतं. पुस्तकं, वादविवाद आणि कुणाचंही म्हणणं तपासून घेण्याची सवय त्यांना तिथेच लागली.

१९२६ मध्ये त्यांनी फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बीए केलं. नंतर मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एमए केलं. त्यासाठी चित्पावन ब्राह्मणांचा अभ्यास केला. ती पदवी १९२८ ची. मधल्या काळात त्यांचं लग्न दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झालं होतं. दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवत. ते स्वतः जर्मनीत शिकून आले होते.

जर्मनीला जायला घरातूनच विरोध का झाला?

सासरे म्हणजे महर्षी कर्वे. १८९३ मध्ये त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला होता. हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढला होता आणि १९१६ मध्ये देशातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं होतं. अशा घरातल्या सुनेला परदेशी शिकायला जाताना पाठिंबा मिळेल, असंच कुणालाही वाटेल. पण इरावतीबाईंनी पीएचडीसाठी जर्मनीला जाणं महर्षींना पसंत नव्हतं.

यात विसंगती आहेच. स्त्रियांनी शिकावं, हा ज्यांच्या आयुष्याचा ध्यास होता, त्यांनाही घरातल्या स्त्रीने किती शिकावं आणि किती लांब जावं याची एक मर्यादा वाटत असावी. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडलेले महर्षी स्वतः संस्थेच्या कामासाठी परदेश दौऱ्यावर निघाले, हेही लक्षात घ्यायला हवं.

दिनकरराव मात्र पत्नीच्या पाठीशी उभे राहिले. प्रश्न पैशांचा होता. तो सुटला डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जामुळे. मेहता काँग्रेसचे नेते आणि नामवंत डॉक्टर होते. गुजरात राज्य झाल्यावर १९६० मध्ये ते तिथले पहिले मुख्यमंत्री झाले. थोडक्यात, इरावतीबाई जर्मनीला गेल्या त्या कर्ज काढून आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची नाराजी पत्करून. शिक्षणासाठी कर्ज काढून परदेशी गेलेल्या कुणालाही हे ओझं कळेल. अशा विद्यार्थ्याला पदवीशिवाय परत येणं परवडत नाही. पुढे जे घडलं, ते या पार्श्वभूमीवर वाचायला हवं.

१९२८ चं बर्लिन कसं होतं?

पहिल्या महायुद्धातल्या पराभवाला दहा वर्षं झाली होती. कैसर गेला होता आणि वायमार प्रजासत्ताक आलं होतं. १९२३ मधली भयंकर महागाई ओसरली होती. नाटक, चित्रपट, विज्ञान या सगळ्यांत बर्लिन जगात पुढे होतं. आइन्स्टाइन याच शहरात काम करत होते. भारतीय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने जर्मनीचं आणखी एक आकर्षण होतं. भारतावर राज्य करणाऱ्या इंग्रजांचा हा देश नव्हता.

मे १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या नाझी पक्षाला जेमतेम २.६ टक्के मतं आणि १२ जागा मिळाल्या होत्या. त्या वेळी बर्लिनला निघालेल्या विद्यार्थ्याला या पक्षाची दखल घ्यावी असं वाटण्याचं कारण नव्हतं. पण पुढच्या दोन वर्षांत सगळं बदललं.

१ मे १९२९ रोजी बर्लिनमध्ये सभा-मोर्च्यांना बंदी होती. कम्युनिस्टांनी ती मोडली. वेडिंग आणि नॉयकोल्न या कामगार वस्त्यांत पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन दिवसांत तीसहून अधिक लोक मारले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला. जर्मनीला आधार होता तो अमेरिकी कर्जांचा. तोच गेला. १९३० च्या सुरुवातीला बेरोजगारांची संख्या तीस लाखांच्या पुढे गेली. रस्त्यांवर नाझी आणि कम्युनिस्ट टोळ्यांच्या मारामाऱ्या नेहमीच्या झाल्या.

१४ सप्टेंबर १९३० रोजी पुन्हा निवडणूक झाली. नाझी पक्ष १२ जागांवरून थेट १०७ जागांवर गेला आणि मतं १८.३ टक्क्यांवर पोहोचली. विद्यापीठं यापासून लांब नव्हती. उलट तिथे हे वारं जास्त जोरात होतं. १९३१ मध्ये नाझी विद्यार्थी संघटनेने देशपातळीवरच्या विद्यार्थी संघाचं नेतृत्व मिळवलं. म्हणजे देशाची सत्ता हातात येण्याच्या दीड वर्ष आधीच त्यांनी विद्यार्थ्यांत बाजी मारली होती.

इरावतीबाई बर्लिनमध्ये होत्या, तो काळ नेमका हा.

भारतात तेव्हा काय चाललं होतं?

मायदेशातही शांतता नव्हती. १९२८ मध्ये सायमन कमिशनला काळे झेंडे दाखवले जात होते. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. मार्च-एप्रिल १९३० मध्ये दांडीयात्रा झाली आणि सविनय कायदेभंग सुरू झाला. मे महिन्यात सोलापुरात तर मार्शल लॉ लागला. परदेशात बसून घरच्या पत्रांची वाट पाहण्याचा तो काळ. पत्र बोटीने यायचं, त्यामुळे हातात पडेपर्यंत बातमी काही आठवड्यांनी जुनी झालेली असायची.

बर्लिनमध्ये त्या काळी भारतीय राजकारणाचंही एक छोटं केंद्र होतं. सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय तिथून ब्रिटिशविरोधी काम करत होते. राममनोहर लोहिया त्याच काळात बर्लिन विद्यापीठात मिठाच्या करावर पीएचडी करत होते. त्यांच्या आधी झाकीर हुसेन यांनी तिथूनच डॉक्टरेट मिळवली होती. इरावतीबाईंचा मार्ग मात्र राजकारणाचा नव्हता. त्या गेल्या होत्या मानववंशशास्त्र शिकायला. राजकारण त्यांना भेटलं ते प्रयोगशाळेतच.

ज्या संस्थेत प्रवेश घेतला, ती कसली होती?

संस्थेचं नाव लांबलचक होतं: कैसर विल्हेम मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र संस्था. बर्लिनच्या डाहलेम भागात १९२७ मध्ये ती सुरू झाली होती. इमारत नवी, साधनं आधुनिक. जगभरातल्या शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही प्रतिष्ठेची जागा होती.

सुप्रजननशास्त्र म्हणजे चांगल्या गुणांची माणसं जास्त जन्मावीत आणि वाईट गुणांची कमी, यासाठी समाजाने लग्न आणि संततीवर नियंत्रण ठेवावं, असा विचार. आज हा शब्द ऐकला की अंगावर काटा येतो. पण शंभर वर्षांपूर्वी तो पुरोगामी, वैज्ञानिक विचार मानला जात होता. अमेरिकेत त्यावर कायदे झाले होते. आपल्याकडेही त्याची चर्चा होती. कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये भारतात सुप्रजननाची चळवळ हवी, असं मांडणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं होतं. त्यामुळे त्या वेळी अशा संस्थेत प्रवेश घेणं, यात कुणाला काही वावगं वाटलं नसणार.

संस्थेचे संचालक होते ऑयगेन फिशर. इरावतीबाईंचे मार्गदर्शक तेच. १९०८ मध्ये फिशर जर्मनीच्या ताब्यातल्या नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात गेले होते. तिथे जर्मन सैन्याने १९०४ पासून हेरेरो आणि नामा लोकांचा नरसंहार केला होता. फिशर यांनी तिथल्या रेहोबोथ भागातल्या मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेतली आणि १९१३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. काळ्या आणि गोऱ्या वंशांचं मिश्रण घातक आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. १९२१ मध्ये त्यांनी आणखी दोघांबरोबर लिहिलेलं आनुवंशिकतेवरचं पुस्तक जर्मनीत प्रमाण मानलं जाई. हिटलरने तुरुंगात असताना ते वाचलं होतं, असं इतिहासकार सांगतात.

प्रबंधाचा विषय नेमका काय होता?

विषय होता कवटीची असममिती. शब्द अवघड आहे, पण गोष्ट सोपी आहे. आरशासमोर उभं राहून नीट पाहिलं, तर चेहऱ्याची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसल्याचं दिसेल. एक भुवई किंचित वर असते, एक गाल थोडा भरलेला असतो. कवटीचंही तसंच असतं. मधोमध एक रेषा आखून दोन्ही बाजूंची अंतरं मोजली, तर थोडा फरक येतोच. या फरकाला असममिती म्हणायचं.

फिशर यांची अटकळ अशी होती, की गोऱ्या युरोपीय माणसाची तर्कबुद्धी जास्त विकसित असते. त्यामुळे त्याच्या मेंदूच्या दोन बाजूंची वाढ कमी-जास्त होते आणि कवटीही जास्त असममित होते. उलट, बिगरयुरोपीय वंशांच्या कवट्यांत हा फरक कमी दिसायला हवा. हे सिद्ध झालं असतं, तर वंशश्रेष्ठत्वाला हाडामासाचा पुरावा मिळाला असता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा दावा तपासता येण्यासारखा होता. बुद्धी मोजणं कठीण, पण कवटीच्या दोन बाजूंमधलं अंतर मोजता येतं. एका वंशाच्या कवट्या आणि दुसऱ्या वंशांच्या कवट्या घ्यायच्या, दोन्हींतली असममिती मोजायची आणि तुलना करायची. फरक दिसला तर दावा टिकला, नाही दिसला तर दावा पडला.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या.

या कवट्यांबद्दल एक अस्वस्थ करणारी बाबही सांगायला हवी. त्या काळातल्या जर्मन संग्रहांत हजारो मानवी कवट्या आफ्रिकेतल्या आणि इतर वसाहतींतून आणलेल्या होत्या. काही कबरींतून उकरलेल्या, तर काही मारल्या गेलेल्या माणसांच्या होत्या. ज्यांच्या हाडांवरून त्यांना कमी लेखायचं होतं, त्यांची परवानगी कुणी घेतली नव्हती. स्वतः परकीय सत्तेखालच्या देशातून आलेली एक विद्यार्थिनी त्या टेबलाशी बसून मोजमापं घेत होती.

निष्कर्ष काय निघाला?

कवट्यांमध्ये असममिती होती. पण तिचा वंशाशी संबंध नव्हता. डाव्या-उजव्या बाजूंमधला थोडा फरक ही मानवी कवटीची सर्वसाधारण गोष्ट आहे, युरोपीय माणसाची खासियत नाही. प्रबंधाचं शीर्षकच मानवी कवटीची सर्वसाधारण असममिती असं होतं. १९३१ मध्ये तो जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला.

विज्ञानाच्या भाषेत याला नकारार्थी निकाल म्हणतात. जे शोधायला गेलो ते सापडलं नाही, असा निकाल. इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत ज्यांनी कधी जर्नल लिहिलं आहे, त्यांना अशा निकालाचा मोह माहीत असतो. उत्तर काय यायला हवं हे आधीच ठाऊक असतं. मग दोन-चार रीडिंग्ज थोडी सरकवली की आलेख सरळ येतो. सरही खूश होतात. तिथे पणाला लागलेले असतात फार तर पाच गुण.

इरावतीबाईंसमोर जे पणाला लागलं होतं, ते फार मोठं होतं. पदवी द्यायची की नाही, हे ज्याच्या हातात होतं, त्याचाच सिद्धान्त त्या खोडत होत्या. तो माणूस त्या क्षेत्रातला युरोपातला सर्वात वजनदार शास्त्रज्ञ होता. त्या परक्या देशात होत्या आणि परक्या भाषेत लिहीत होत्या. घरी कर्ज होतं, सासऱ्यांची नाराजी होती. बाहेर रस्त्यावर फिशर यांच्या विचारांना मतं मिळू लागली होती. आकडे थोडे इकडेतिकडे केले असते, तर कुणाला कळलंही नसतं.

त्यांनी आकडे जसे आले तसेच मांडले.

पदवी मिळाली. मात्र फिशर यांनी त्यांना उत्तीर्ण होण्यापुरती सर्वात खालची श्रेणी दिली, असं त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केलं आहे. हे चरित्र त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि संशोधक थियागो पिंटो बार्बोसा यांनी मिळून लिहिलं असून, बर्लिनचा हा काळ त्यातून मराठी वाचकांसमोरही नव्याने आला आहे.

या निष्कर्षाने पुढे काही फरक पडला का?

प्रामाणिक उत्तर द्यायचं तर, जर्मनीत पडला नाही. १९३३ च्या जानेवारीत हिटलर चॅन्सेलर झाला. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १० मे १९३३ रोजी विद्यापीठासमोरच्याच चौकात विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. जुलैमध्ये आनुवंशिक रोग असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला. १९४५ पर्यंत त्याखाली सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी तज्ज्ञ म्हणून अहवाल देणाऱ्यांत फिशर यांच्या संस्थेतले शास्त्रज्ञ होते. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधल्या मिश्र वंशाच्या शेकडो मुलांची गुपचूप नसबंदी करण्यात आली, त्यातही या संस्थेचा हात होता.

१९४२ मध्ये फिशर निवृत्त झाले आणि ओटमार फॉन फेरशुअर संचालक झाले. त्यांचा शिष्य योझेफ मेंगेले आउशवित्झच्या छळछावणीत डॉक्टर होता. तिथे मारल्या गेलेल्या माणसांच्या अवयवांचे नमुने तो डाहलेमला पाठवत असे.

म्हणजे कवटीच्या आकारात श्रेष्ठत्व दिसत नाही, हा निकाल ज्या संस्थेच्या कपाटात होता, त्याच संस्थेने पुढची पंधरा वर्षं उलट गृहीत धरून काम केलं. पुरावा नव्हता, तरी हा विचार थांबला नाही, कारण तो पुराव्यावर उभाच नव्हता. फिशर यांच्यावर युद्धानंतर खटला चालला नाही. उलट १९५२ मध्ये जर्मन मानववंशशास्त्र संघटनेने त्यांना मानद सदस्यत्व दिलं. १९६७ मध्ये, वयाच्या ९३व्या वर्षी ते वारले. त्याच वर्षी इकडे पुण्यात इरावतीबाईंचं 'युगान्त' प्रसिद्ध झालं.

परत आल्यावर इरावतीबाईंनी काय केलं?

१९३१ ते १९३६ या काळात त्या मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. म्हणजे ज्या सासऱ्यांना त्यांचं परदेशी जाणं पसंत नव्हतं, त्यांनीच उभारलेल्या विद्यापीठाचं कामकाज त्यांनी सांभाळलं. १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि उरलेलं आयुष्य तिथेच गेलं. गुजरातेत लांघणजला ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर अश्मयुगीन उत्खननात काम केलं. १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा त्यांचा ग्रंथ आला. उत्तर आणि दक्षिण भारतात मामा, आत्या, सासर, माहेर या नात्यांचे नियम किती वेगळे आहेत, हे त्यात मांडलेलं आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो आजही वाचावा लागतो. कोयना धरणामुळे उठलेल्या गावांचं सर्वेक्षण त्यांनी लेक जाई निंबकर यांच्यासह केलं. 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या मराठी लेखनात बर्लिनचा धागा थेट दिसत नाही, पण शोधला तर सापडतो. पंढरीच्या वारीवर त्यांनी लिहिलेला 'वाटचाल' हा लेख प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी एक बोचणारी गोष्ट नोंदवली आहे. एकाच दिंडीत, एकाच विठ्ठलाचं नाव घेत चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायकांचं जेवण मात्र वेगवेगळं व्हायचं. माणसांना वेगळं मानायचं ठरवलं की कारण कुठूनही काढता येतं, मग ते कवटीचं असो की पंगतीचं. भक्तीचं कौतुक करतानाही त्यांनी हे डोळ्याआड केलं नाही.

त्यांच्यावर टीका होते, ती कशासाठी?

इरावतीबाईंना केवळ वंशवादाविरुद्धची नायिका म्हणून रंगवणंही बरोबर होणार नाही. फिशर यांच्याकडून शिकलेली मोजमापांची पद्धत त्यांनी सोडली नाही. भारतात परतल्यावरही त्यांनी वेगवेगळ्या जातींतल्या लोकांच्या डोक्याची, नाकाची, उंचीची मोजमापं घेतली. जाती कशा तयार झाल्या, हा त्यांचा प्रश्न होता. एक मूळ समाज फुटत फुटत जाती झाल्या, असं त्यांचे गुरू घुर्ये मानत. इरावतीबाईंचं म्हणणं वेगळं होतं. अनेक स्वतंत्र गट शेजारी शेजारी राहत एका व्यवस्थेत आले, असं त्यांना वाटत होतं. एकाच दर्जाच्या आठ ब्राह्मण जातींची तुलना त्यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासह केली. एकाच वर्णातल्या या जाती शरीराने एकसारख्या नाहीत, हे त्यातून दाखवलं.

माणसांचे गट शरीराच्या मोजमापांनी समजून घेता येतात, हा भरवसाच आज मोडीत निघाला आहे. त्यामुळे त्यांच्या त्या कामाकडे अभ्यासक आता टीकेच्या नजरेने पाहतात, आणि ते योग्यच आहे. बर्लिनमध्ये त्यांनी निष्कर्ष नाकारला, पण पद्धत ठेवली. मात्र दोन्ही वेळा एक गोष्ट समान होती. बर्लिनमध्ये असो वा पुण्यात, गुरूंचं म्हणणं त्यांनी मोजून पाहिल्याशिवाय मान्य केलं नाही.

आज ही गोष्ट का वाचायची?

डाहलेमची ती इमारत आजही उभी आहे. तिथे आता बर्लिनच्या मुक्त विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं जातं. दारावर १९८८ मध्ये लावलेली पाटी इथे काय घडलं ते सांगते. २०१४ मध्ये जवळच खोदकाम करताना मानवी हाडं सापडली. नंतरच्या उत्खननात सुमारे १६ हजार तुकडे निघाले. ही माणसं कोण, कुठली, हे हाडांवरून ठरवायला जाऊ नये, असं ठरलं. त्या मार्गाने पुन्हा वंशाचीच भाषा बोलावी लागली असती. मार्च २०२३ मध्ये ही हाडं डाहलेमच्याच दफनभूमीत एकत्र पुरण्यात आली.

आजही महाराष्ट्रातल्या अनेक घरांतली मुलं कर्ज काढून परदेशी शिकतात. तिथलं सरकार बदलतं, व्हिसाचे नियम बदलतात, रस्त्यावर मोर्चे निघतात, आणि इकडे आई-वडील फोनवर एकच सांगतात, की तू आपला अभ्यास कर, कशात पडू नकोस. सल्ला काळजीपोटी असतो आणि बरेचदा शहाणपणाचाही असतो. इरावतीबाईंनीही एका अर्थाने तेच केलं. त्या कोणत्या मोर्चात गेल्या नाहीत की कोणत्या सभेत बोलल्या नाहीत. फक्त अभ्यास केला.

पण कधी कधी अभ्यासच अशा जागी आणून उभं करतो, की खरं उत्तर लिहिणं हीच बाजू घेणं ठरतं. १९३० च्या बर्लिनमध्ये एका मराठी विद्यार्थिनीवर ती वेळ आली. तिने १४९ कवट्या मोजल्या, आलेले आकडे लिहिले आणि खालच्या श्रेणीची पदवी घेऊन ती घरी परतली. श्रेष्ठ वंशाची भाषा करणारी ती राजवट बारा वर्षांत संपली. कवट्यांबद्दलचा तिचा निष्कर्ष मात्र आजही बरोबर आहे.